गोधडीची मजुरी रिळावर मोजा

अर्धापूर आणि आसपासच्या गावांत एखादी बाई दुसरीकडे गोधडी शिवायला देते, तेव्हा साड्या किती, गोधडी केवढी आणि कधीपर्यंत पाहिजे हे सगळं दारातच ठरतं. मजुरी तेवढी ठरत नाही. "मावशी, बसल्याबसल्या व्हईल की वं. देऊत ना काय द्यायचं ते." मावशी मान हलवते आणि गाठोडं आत घेते. पंधरा दिवसांनी, महिन्यानं गोधडी तयार झाली की हातावर थोडे पैसे पडतात, कधी पायलीभर ज्वारी, कधी एखादं जुनं लुगडं. आणि वर हमखास एक वाक्य येतं, "कापड तर आमचंच होतं."

मला या वाक्याशी भांडायचं आहे. कारण त्यात शिवणारीच्या श्रमाची किंमत शून्य धरलेली आहे, आणि ती धरणारी बहुतेक वेळा बाईच असते.

आपल्याकडे गोधडी म्हणतात, वाकळ म्हणतात, लातूरकडून कर्नाटकाच्या हद्दीकडे सरकलं की कौदी म्हणतात. बाळाचं ते दुपटं. पूर्वी प्रत्येक घरातली बाई आपल्या घरापुरती शिवायचीच, अजूनही काहीजणी शिवतात. पण प्रत्येक गावात, प्रत्येक गल्लीत दोन-चार बाया अशा असतात की त्या दुसऱ्यांच्या शिवतात. कोण असतात त्या? ज्यांचे गुडघे आता शेतात वाकत नाहीत अशा म्हाताऱ्या. विधवा. नवऱ्यानं टाकलेल्या. ज्यांना घरचे उंबऱ्याबाहेर कामाला पाठवत नाहीत अशा तरण्या सुना, त्यात मुसलमान मोहल्ल्यातल्या बायाही आल्या आणि "आमच्यात बाया रोजानं जात नाहीत" म्हणणाऱ्या हिंदू घरांतल्याही. भटक्या समाजातल्या काही बाया तर दारोदार फिरून, गिऱ्हाइकाच्याच ओसरीत बसून गोधडी शिवून देतात. या सगळ्यांना हे काम धरावं लागतं ते घरात, सावलीत, लेकरू मांडीवर घेऊन करता येतं म्हणून. म्हणजे ज्यांना बाहेरच्या मजुरीचा रस्ता बंद आहे, त्यांच्याच वाट्याला हे काम येतं. मग त्या भावाची घासाघीस कशी करणार?

कामाला हंगाम असतो. नवरात्राच्या आधी घरोघरच्या गोधड्या धुवायला निघतात. नदीवर, कालव्यावर, आता बोअरच्या हौदावर. धुताना कोणती विरली, कोणती फाटली ते दिसतं. थंडी तोंडावर असते. गाठोडी तेव्हा दारात येतात. दुसरा भर उन्हाळ्यात, सुगी संपल्यावर, पावसाच्या आधी. अर्धापूरचा भाग केळीचा. केळीच्या बागेत राबणाऱ्या बाईच्या लुगड्यावर चिकाचे काळे डाग पडतात ते कशानं जात नाहीत. अशी लुगडी गोधडीच्या पोटात जातात आणि त्यातल्या त्यात चांगली साडी वर येते. कुठलं कापड पोटात घालायचं, कुठलं तोंडावर, हे ठरवणं हीच पहिली कारागिरी. ती कुणी मोजत नाही.

मग काम सुरू होतं. कपडे धुऊन, वाळवून, उसवून घ्यायचे. काठ, फॉल, हुक-बटणं काढायची. विरलेला भाग कापून टाकायचा, भोकांवर ठिगळं धरायची. तीन, पाच, कधी सात थर सारवलेल्या जमिनीवर किंवा फरशीवर अंथरायचे, चारही कोपऱ्यांवर दगड ठेवायचे, हातानं सुरकुती काढत मधून कडेकडे यायचं. कच्चे टाके घालून थर बांधायचे. मग खरी धाव. कडेपासून आत, चौकोनात चौकोन, मध्यापर्यंत. शिवणारी गोधडीवरच बसते आणि गोधडीबरोबर सरकत राहते. मराठवाड्यातल्या कितीतरी गोधड्या नीट बघितल्या तर बाई कुठे थकली, कुठे रात्री दिव्याखाली बसली, कुठे सकाळी ताज्या डोळ्यांनी परत सुरू केलं, हे टाक्याच्या लांबीवरून कळतं.

आता जरा हिशेब करू. हा हिशेब आपल्या गटांच्या बैठकीत पाटीवर मांडून करण्यासारखा आहे.

सहा फूट लांब, चार फूट रुंद अशी एका माणसाची गोधडी धरा. धावा एकेक इंचावर. बाहेरच्या पहिल्या चौकोनाची धाव २४० इंच. आतला चौकोन त्याहून ८ इंचांनी कमी, त्याच्या आतला आणखी ८ नं. असे २४ चौकोन होतात तेव्हा मध्य येतो. सगळ्या धावांची बेरीज ३५५२ इंच, म्हणजे २९६ फूट. इंचाला तीन टाके धरले तर दहा हजार सहाशेच्या वर टाके. मिनिटाला दहा टाके हा वेग मी धरला आहे. ज्यांना जास्त-कमी वाटतो त्यांनी घड्याळ लावून पाहावं, कारण पाच थरांतून सुई काढणं आणि ब्लाऊजला हेम घालणं यात फरक आहे. या वेगानं नुसत्या धावेला सतरा-अठरा तास लागतात. धुणं, उसवणं, ठिगळं, थर लावणं, दोरा ओवणं, कडा बांधणं यात धरलेलं नाही. पाठ धरली म्हणून उठून चार पावलं चालणंही धरलेलं नाही. धावा अर्ध्या इंचावर घातल्या की सगळं दुप्पट.

आठ तासांचा दिवस म्हटला तर नुसती धाव सव्वादोन दिवसांची. २०२५-२६ या वर्षासाठी महाराष्ट्रात रोजगार हमीच्या कामाची मजुरी दिवसाला ३१२ रुपये ठरली होती. ही माती उपसण्याची, कसब न लागणाऱ्या कामाची मजुरी. त्या दरानंही सव्वादोन दिवसांचे ७०२ रुपये होतात. कसबाचे पैसे वेगळेच. आपापल्या गावात गोधडीचे किती देतात ते ज्यानं त्यानं या आकड्याशेजारी लिहून पाहावं.

त्यात कापड बदललं. सुती नऊवारी, धोतर, मांजरपाट यांच्या गोधडीत सुई लोण्यात जावी तशी जायची. आता गाठोड्यात येतात त्या पॉलिस्टरच्या साड्या. थर एकमेकांवरून घसरतात. सुई अडते, दोरा चिरतो, धाव तिरकी जाते, ती उसवून परत घालावी लागते. बोटाला अंगुस्तान नसेल तर सुईचं बूड बोटात घुसतं. म्हणजे श्रम वाढले, आणि मजुरी मात्र आजीच्या काळातल्या "काय द्यायचं ते" वरच थांबलेली. गोधडी शिवणाऱ्या बाईचं कंबर, मान, गुडघे आणि डोळे कसे झालेत ते एकदा आरोग्य शिबिरात विचारून बघा. जुन्या कपड्यांच्या धुळीनं लागणारा खोकलाही विचारा. शेतमजूर बायांच्या पाठदुखीवर आपण पुष्कळ बोललो. जमिनीवर बसून राबणाऱ्या या बायांवर फारसं बोललो नाही.

आता "कापड आमचंच" या वाक्याकडे येऊ.

अमेरिकेत गोधडी शिवणाऱ्या बायांचं मोठं जग आहे. तिथे पुष्कळजणी वरचं तोंड, म्हणजे तुकडे जोडून केलेला वरचा थर, हौसेनं स्वतः करतात. पण तीन थर एकत्र धरून टाके घालण्याचं काम दुसरीला देतात. त्यासाठी 'लाँगआर्म' नावाचं यंत्र असतं. दहा-बारा फुटांची चौकट, त्यावर गोधडी रुळांना ताणून बसवलेली, आणि शिलाईयंत्राचा लांब हात त्या चौकटीवर मागेपुढे, आडवा फिरतो. आपल्या यंत्रात कापड सुईखालून जातं, तिथे सुई कापडावरून जाते. हे यंत्र घरातल्या एका खोलीत, तळघरात, गॅरेजमध्ये ठेवून हजारो बाया इतरांच्या गोधड्यांना टाके घालून देतात. हा त्यांचा घरबसल्याचा व्यवसाय आहे. तो आपल्या मावशीच्या कामाचाच चुलतभाऊ म्हणायचा. तोंड गिऱ्हाइकाचं, अस्तरही बहुतेक वेळा गिऱ्हाइकाचंच, टाके हिचे.

फरक आहे तो दरात. तिच्याकडे दरपत्रक असतं. साध्या नक्षीचा दर चौरस इंचाला दोन-तीन सेंट, नक्षी दाट आणि हातानं फिरवायची असेल तर जास्त. दोऱ्याचे वेगळे, आतल्या कापसाच्या थराचे वेगळे, कडा बांधून हवी असेल तर त्याचे वेगळे. गोधडी कितीही लहान असली तरी अमुक रकमेच्या खाली काम घ्यायचं नाही, असंही बऱ्याचजणी लिहून ठेवतात. आपल्या सहा बाय चारच्या गोधडीचे चौरस इंच ३४५६. दोन सेंटांच्या दरानं टाक्यांचेच ६९ डॉलर होतात. डॉलरचे रुपये करून हुरळून जायचं कारण नाही. तिथली भाजीही डॉलरात आहे आणि त्या यंत्राचं कर्जही. मला सांगायचं ते एवढंच की तिथे कापड आमचंच होतं म्हणून टाके फुकट, असं कुणी म्हणत नाही. शिंप्याकडेही आपण आपलंच कापड घेऊन जातो. पिठाच्या गिरणीत आपलीच ज्वारी नेतो. तिथे पायलीचा दर विचारून पैसे देतो. मग गोधडीवालीच्या दारात जीभ का वळते?

वळते, कारण तिच्या कामाला माप नाही. माप नसलेल्या कामाला भाव मागता येत नाही, हे मराठवाड्यातल्या बायांना कुणी शिकवायला नको. १९७२ च्या दुष्काळात इथल्या बायांनी खडी फोडली. शंभर घनफुटांचा एक ब्रास म्हणजे काय हे शाळेचं तोंड न पाहिलेल्या बाईला कळत होतं, कारण त्यावर संध्याकाळची भाकरी अवलंबून होती. पुढे १९७७ साली रोजगार हमीचा कायदा झाला, बाईला आणि बाप्याला एकाच मापाची एकच मजुरी हे तत्त्व आलं, आणि माप घेणारा माणूस टेप ढिला धरतो की ताणून धरतो यावरून कामावर कितीतरी भांडणं झाली. मापावरची मजुरी काही स्वर्ग नव्हे. धट्ट्याकट्ट्या गड्याच्या बळावर बांधलेलं माप पोटुशीला, म्हातारीला कमीच पडायचं, हे आपण त्या वेळीही म्हटलं आणि खरंच म्हटलं. पण भांडायला काहीतरी होतं. सोलापूरची विडीवाली हजार विड्यांवर भांडते. लिज्जतची बहीण घरी पीठ नेते आणि किलोवर लाटणावळ घेते. गोधडीवाली कशावर भांडणार? "काय द्यायचं ते" वर?

यावर तोडगाही गोधडीवाल्यांच्याच जुन्या व्यवहारात सापडतो, आपल्या नाही तरी दुसऱ्यांच्या. यंत्र यायच्या आधी अमेरिकेत हातानं टाके घालून देणाऱ्या बाया, चर्चमधल्या बायांची मंडळं, आणि आजही आमिश पंथाच्या खेड्यांतल्या बाया, मजुरी घ्यायच्या आणि घेतात ती लागलेल्या दोऱ्यावर. जेवढे वार दोरा गोधडीत गेला तेवढ्या वारांचे पैसे. मला हे फार शहाणपणाचं वाटतं. चौरस इंच काढायला गुणाकार लागतो. तास मोजायचे तर बाई मध्येच चूल फुंकते, लेकराला घेते, पाणी भरते, परत बसते, त्या तासांचा हिशेब कुणी मान्य करत नाही. दोरा मात्र खोटं बोलत नाही. गोधडी मोठी तर दोरा जास्त. धाव दाट तर दोरा जास्त. थर जाड तरी दोरा जास्त. आणि दोरा रिळावर येतो, रिळावर लांबी छापलेली असते, रिकामं रीळ पुरावा म्हणून ठेवता येतं. अक्षरओळख नसलेली बाईसुद्धा पाच रिळं मोजू शकते.

आपल्या त्या गोधडीला धाव २९६ फूट. दोरा दुहेरी घालतात म्हणजे सहाशे फूट, दोनशे वार. थरांतून वरखाली जाण्यात आणि गाठींत जातो तो आणखी, तो सोडून देऊ. ७०२ रुपयांना दोनशेनं भागलं की वाराला साडेतीन रुपये. हा दर रोजगार हमीच्या साध्या मजुरीवर बांधलेला आहे, त्याखाली कुणी जाऊ नये एवढाच त्याचा अर्थ. वर जायला कुणाची हरकत नाही. उसवणं, ठिगळं, थर लावणं याचा अर्धा दिवस वेगळा. पॉलिस्टर असेल तर वाराला वेगळा दर. गिऱ्हाईक म्हणालं, परवडत नाही, तर धावा लांब घालू, दोरा कमी लागेल, पैसेही कमी. गोधडी तेवढी कमी टिकेल, हे तिला आधी सांगायचं. दोरा कुणी आणायचा हेही आधीच ठरवायचं, कारण आज कितीतरी ठिकाणी दोऱ्याचे पैसेही शिवणारीच्याच पदराला पडतात.

एक अडचण खरी आहे. लुगड्याचे काठ उसवून त्याचाच दोरा काढणाऱ्या जुन्या बाया अजून आहेत. त्यांच्याकडे रीळच नाही. त्यांनी धावा मोजाव्यात, चौकोन मोजावेत. दोरा काढायचेही पैसे लावावेत.

कायद्याकडून काय मिळतं तेही पाहू. फार नाही. १९४८ च्या किमान वेतन कायद्यात घरी काम नेणारा कामगार होता, पण ज्याचं काम तो नेतो त्याच्या धंद्यासाठी, विकण्यासाठी ते काम असलं पाहिजे अशी अट होती. शेजारीण स्वतःच्या घरात पांघरायला गोधडी शिवून घेते, ती विकत नाही, म्हणून मावशी त्यात बसत नव्हती. या कायद्याची जागा आता २०१९ च्या वेतन संहितेनं घेतली आहे, आणि शेजारणीला मालक धरून दाद मागता येईल अशी वाट मला तरी त्यातही दिसत नाही. विडी कामगारांसाठी १९६६ साली वेगळा कायदा झाला आणि घरी बसून विड्या वळणारी बाई त्यात आली, ती लढून आली. १९८८ साली इला भट्ट यांच्या अध्यक्षतेखालच्या राष्ट्रीय आयोगानं 'श्रमशक्ती' हा अहवाल दिला, त्यात अशा घरी राबणाऱ्या, हिशेबात न धरलेल्या बायांच्या कामाची देशभरची कैफियत होती. १९९६ साली आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेनं घरखपी कामगारांसाठी १७७ क्रमांकाचा करार केला. साहित्य, हत्यारं कुणी पुरवली याच्याशी संबंध नाही, काम करणारी ती कामगारच, असं त्यात स्पष्ट म्हटलं आहे. म्हणजे "कापड आमचंच" ला जगाच्या पातळीवर उत्तर मिळालेलं आहे. भारतानं त्या करारावर अजून मान्यतेची मोहोर उठवलेली नाही. २००८ च्या असंघटित कामगारांच्या सामाजिक सुरक्षा कायद्यात हीच व्याख्या आली, शिवाय स्वतःचं काम स्वतः करणारीही कामगार ठरली. आता तो विषय २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेत गेला आहे. व्याख्येत बसलो, पण व्याख्येनं पोट भरत नाही. २०२१ पासून ई-श्रम कार्डं निघाली तेव्हा आपल्या भागात गोधडीवाल्या बायांच्या नावापुढे सरसकट शेतमजूर लिहून मोकळे झाले. शेतमजूर त्या आहेतच, पण दुसरं कसब कागदावर आलंच नाही.

२०२३ च्या सप्टेंबरात पंतप्रधान विश्वकर्मा योजना आली. अठरा धंदे, त्यांत शिंपी आहे, परीट आहे, टोपल्या-चटया-झाडू करणारे आहेत. गोधडीचं नाव नाही. शिंपी म्हणून अर्ज भरायचा म्हटला तरी कुटुंबातल्या एकालाच लाभ, ही अट आहे. नवऱ्यानं गवंडी म्हणून नाव घातलेलं असेल तर बायकोची सुई बाद. कुटुंबात एकच कारागीर असतो हे कुणी ठरवलं? आणि तो एक कोण असणार हे काय वेगळं सांगायला हवं? ही अट काढा, ही मागणी आपल्या संघटनांनी लावून धरायला पाहिजे. गोधडी, कौदी, कांथा, सुजनी असं काम करणाऱ्या बाया देशभर आहेत, त्यांच्या नावानं एक धंदा या यादीत वाढवा, हीही.

शासनाच्या आधी संघटना लागते, याचं उदाहरण शेजारच्या राज्यातलं आहे. अहमदाबादच्या दर्यापूर भागात गिरण्यांमधल्या चिंध्या जोडून रजईच्या खोळी शिवणाऱ्या मुसलमान बाया सत्तरच्या दशकाच्या शेवटाला 'सेवा' संघटनेत आल्या. चिंध्या व्यापाऱ्याच्या, म्हणून नगावर तो देईल ते. बायांनी दर वाढवून मागितले तेव्हा व्यापाऱ्यांनी कामच द्यायचं थांबवलं. तेव्हा संघटनेनं गिरण्यांकडून थेट चिंध्या मिळवायची खटपट केली, आणि पुढे या बायांची 'सबीना' नावाची सहकारी संस्था उभी राहिली.

अर्धापुरात असा एक व्यापारी नाही, हीच आपली खरी अडचण. इथे मालक म्हणजे समोरच्या घरातली वहिनी. तिच्याकडून उसनं पीठ येतं, तिच्याच लेकीच्या लग्नात ही राबते. तिच्या घरात जुने कपडे जास्त निघतात कारण तिच्याकडे शेत आहे, जातीनं ती वरची आहे, आणि कित्येकदा ज्वारीची पायली देताना "घे, खाय" असा बलुत्याचा जुना सूर त्यात येतो. तिच्याशी मोर्चा काढून भांडता येत नाही. गल्लीतल्या चार-पाच शिवणाऱ्या एकत्र बसून एकच दर ठरवू शकतात, एवढं मात्र होऊ शकतं. एकीनं दर सांगितला आणि दुसरीनं तोडून काम घेतलं की सगळं मोडतं, हे बचत गटांत पापड-मसाल्याच्या वेळी झालेलं आपण पाहिलं आहे.

यंत्रावर गोधडी शिवून देणारे आता आपल्याकडेही आलेत. गाडीवर, दुकानात यंत्र मांडलेलं, साड्या द्या आणि तासाभरात गोधडी न्या. तिथे दर पाटीवर लिहिलेला असतो आणि वहिनी तो मुकाट्यानं देते! यंत्र आलं म्हणून गळा काढायचं कारण नाही. पाठ मोडणारं काम यंत्रानं केलं तर मला आनंदच आहे. पण यंत्र कोणाच्या नावावर, हा प्रश्न विचारायला हवा. ते घ्यायला भांडवल लागतं, तारण लागतं, आणि सातबारा बाईच्या नावावर नसतो. म्हणून यंत्र बाप्याचं आणि थर अंथरायला, कडा दुमडायला मजुरीनं बाई, असं होण्याचा धोका आहे. दळणाच्या गिरणीच्या बाबतीत हेच झालं. जात्यावरचं काम बाईचं होतं, गिरणीचा मालक बाप्या झाला. माविम १९७५ पासून आहे, उमेद आहे, गटांना कर्जं मिळतात. शेळ्या-म्हशींच्या पुढे जाऊन दोन-तीन गटांनी मिळून असं एक यंत्र घ्यावं, गावच्या दरापेक्षा कमी नसलेल्या दरानं चालवावं, असं मला वाटतं. हातशिलाई त्यानं मरणार नाही. तिला वेगळं गिऱ्हाईक आहे.

त्या वेगळ्या गिऱ्हाइकाविषयीही एक शब्द. पुण्या-मुंबईच्या प्रदर्शनांत हातशिलाईची गोधडी हजारांच्या किमतीला विकली जाते. विकणाऱ्यांत स्वयंसेवी संस्था असतात, आपल्याच ओळखीच्या, आपल्याच विचारांच्या. गोधडीला लावलेल्या चिठ्ठीवर शिवणारीचं गाव असतं, कधी तिचा हसरा फोटोही असतो. तिला वाराला किती पडले, हे मात्र नसतं. ते छापावं. ज्यांना छापायला अवघड वाटतं त्यांनी आधी दर सुधारावा.

आणि माया? गोधडी म्हटलं की आईचा पदर, आजीची ऊब, असं आपल्याकडे कवितेतून आणि भाषणातून येतं. ते खोटं नाही. आजीच्या लुगड्याची ऊब खरीच आहे. पण ती आजी वहिनीची आहे, मावशीची नाही. मावशीनं त्या ऊबेला दहा हजार टाके घातलेत. घरकाम मायेचं म्हणून फुकट, बाळंतिणीची सेवा मायेची म्हणून फुकट, हे आपण तीस-चाळीस वर्षं ऐकत आलो आणि त्याला उत्तरं देत आलो. इथे तर माया आणि श्रम चक्क दोन वेगळ्या घरांत राहतात.

सुरुवात नवरात्राच्या आधी करायला हवी. गोधड्या धुऊन वाळत पडतील, मग गाठोडी येतील, त्याच्या आत दर ठरलेला पाहिजे. गटाच्या वहीत एक पान: तारीख, गोधडी केवढी, थर किती, कापड सुती की पॉलिस्टर, रिळं किती, पैसे किती आणि कधी मिळाले. एका हंगामाची अशी पानं चार गावांत भरली तर तहसीलदारापुढे आणि विश्वकर्माच्या यादीसाठी मांडायला आपल्याकडे आकडे असतील, जे आज कुणाकडेच नाहीत.

बाळाच्या दुपट्याचं काय, हा प्रश्न बैठकीत निघेलच. पहिलटकरणीच्या दुपट्याचे पैसे घेणं बऱ्याचजणींना जड जाईल. माझं मत, ज्या त्या मावशीनं ठरवावं, पण गिऱ्हाइकानं गृहीत धरू नये आणि वहीत ओळ मात्र लिहावी. तीन फूट बाय अडीच फुटांच्या दुपट्याला मोठ्या गोधडीच्या तिसऱ्या हिश्श्याइतका दोरा लागतो.